उणे ७० अंशांवरून परतताना: कोल्हापुरातल्या एका कॅलिब्रेशन बाथचं प्रकरण

या प्रकरणात कोणाला इजा झाली नाही. साधारण सव्वा लिटर स्पिरिट सांडलं, एक बाथ (तापमानाचे सेन्सर तपासायची थंड द्रवाची टाकी) पाच आठवडे बंद राहिला, काही ग्राहकांची कामं लांबली. नोंदवहीत एवढं लिहूनही विषय संपवता आला असता. पण त्या सकाळी खोलीत पहिलं पाऊल टाकणाऱ्या माणसाने सवयीने दिव्याचं बटण दाबलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. तो कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. ज्यांच्याकडे असा थंड बाथ आहे किंवा येऊ घातला आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आमची प्रयोगशाळा कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत. या भागाचा सगळा व्यवहार उष्णतेवर चालतो. फाउंड्रीत लोखंड १४०० अंशांच्या आसपास ओतलं जातं आणि तिथे काम करणाऱ्या माणसाला सावध राहा म्हणून सांगावं लागत नाही. भट्टीची धग दहा फुटांवरूनच अंगावर येते, माणूस आपोआप हात आवरतो. आमच्याकडे तापमान मोजणारी जी उपकरणं कॅलिब्रेशनला, म्हणजे त्यांची अचूकता तपासायला येतात, त्यातली बहुतेक या उष्ण बाजूचीच असतात. पण गेल्या काही वर्षांत थंड बाजूचं कामही वाढलं. रक्तपेढ्यांचे प्लाझ्मा साठवायचे फ्रीजर उणे ३० अंशांच्या खाली चालतात. वाहनांचे सुटे भाग तपासायच्या चेंबरमध्ये उणे ४० लागतं. टूल स्टीलला सब-झीरो ट्रीटमेंट देणारे उणे ८० च्या आसपास जातात. या सगळ्यांचे सेन्सर तपासायचे तर तितका थंड, सगळीकडे सारख्या तापमानाचा द्रव हवा. त्यासाठी आम्ही हा बाथ घेतला.

बाथ आणि त्यातलं स्पिरिट

दिसायला तो उभ्या फ्रीजसारखा. वरच्या भागात स्टीलची गोल, खोल टाकी, व्यास सुमारे २२ सेंटिमीटर. टाकीत द्रव ढवळणारा स्टरर, थंड करणारी कॉइल आणि तापमान जागच्या जागी धरून ठेवणारा छोटा हीटर. खालच्या कप्प्यात एकामागे एक जोडलेले दोन कॉम्प्रेसर: एक दुसऱ्याला थंड करतो आणि तो दुसरा बाथला. त्याच कप्प्यात कॉन्टॅक्टर आणि रिले, म्हणजे विजेवर आपोआप चालू-बंद होणारे स्विच, आणि वायरिंग. म्हणजे वर द्रव आणि त्याच्या बरोबर खाली ठिणगी पाडू शकणारे भाग. ही मांडणी अनेक बाथमध्ये असते. विकत घेताना आम्ही तापमानाची स्थिरता, टाकीची खोली, किंमत असं सगळं पाहिलं. या एका गोष्टीकडे मात्र नीट पाहिलं नाही.

टाकीत आम्ही इथेनॉल भरतो. प्रयोगशाळेत सगळे त्याला स्पिरिटच म्हणतात. हा पर्याय विचार करून निवडला होता. मिथेनॉल स्वस्त आणि थंडीतही पातळ राहतं, पण ते विष आहे आणि त्वचेतूनही शरीरात जातं. रोज हात घालायच्या कामात मला ते नको होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल उणे ७० ला बरंच दाट होतं, मग स्टररवर ताण येतो आणि टाकीत तापमान सगळीकडे सारखं राहत नाही. पातळ सिलिकॉन तेल पेट घेण्याच्या बाबतीत खूप सुरक्षित, त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याइतकी वाफ ज्या तापमानाला होते तो बिंदू, १३० अंशांच्या आसपास. पण ते उणे ४० पर्यंतच उपयोगाचं. न पेटणारे फ्लोरिनयुक्त द्रव आहेत, पण आमच्यासारख्या मध्यम प्रयोगशाळेला ते परवडत नाहीत. शिवाय थ्रीएम कंपनीने २०२५ अखेर अशा रसायनांचं उत्पादन थांबवण्याची घोषणा डिसेंबर २०२२ मध्येच केली होती, त्यामुळे त्या वाटेला जायला मन घेईना. उरलं इथेनॉल. त्याला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तो आम्ही काढला. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात स्पिरिट ही काही अनोळखी वस्तू नाही.

इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्याच्या वर गेलं की पृष्ठभागावर इतकी वाफ साठते की ठिणगी मिळताच ती पेटते. उणे ७० ला ही वाफ नगण्य असते. आणि इथेच माणूस फसतो. काम चालू असताना हे स्पिरिट अगदी निवांत असतं. वास येत नाही, वाफ दिसत नाही, झाकणाजवळ फक्त दवाचा पांढरा थर. बाथचा धोका मनात येतो तो गारठ्याचा: हातमोजे घाला, उघड्या बोटांनी धातूला हात लावू नका. ते खरंच आहे, पण आमच्या बाबतीत खरी अडचण बाथ बंद केल्यानंतर सुरू झाली.

सुट्टीच्या आदली संध्याकाळ

जुलै महिना, बाहेर मुसळधार पाऊस. एका ग्राहकाचे चार पीटी-१०० (प्लॅटिनमच्या तारेचे तापमान मोजणारे) सेन्सर उणे ७० ला तपासायचे होते. सेन्सरची दांडी फक्त १५ सेंटिमीटर. सेन्सर झाकणाच्या प्लेटमधून खाली सोडायचे असतात, त्यामुळे द्रवाची पातळी जितकी खाली, तितका सेन्सर द्रवात कमी बुडतो. कमी बुडला की दांडीतून वरची उष्णता खाली टोकापर्यंत उतरते आणि तो खऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवतो. कॅलिब्रेशनमध्ये ही चूक अक्षम्य.

काम करत होता तो आमचा नवा मुलगा. आयटीआय करून आलेला, हात स्वच्छ, नोंदी नेटक्या. त्याने पाहिलं की सकाळी २५ अंशांना खुणेपर्यंत असलेली पातळी उणे ७० ला चांगली चार सेंटिमीटर खाली गेली आहे. त्याला वाटलं, आठवड्याभरात स्पिरिट उडून गेलं असणार. त्याने कॅन आणला आणि पातळी पुन्हा खुणेवर येईपर्यंत स्पिरिट ओतलं. ते साधारण १.६ लिटर होतं, हे आम्हाला नंतर कॅनच्या नोंदीवरून कळलं. तापमान पुन्हा स्थिर व्हायला पाऊण तास लागला. मग त्याने चारही सेन्सरचे आकडे घेतले, आकडे उत्तम आले.

मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण त्या संध्याकाळी त्याने जे केलं ते मोजमापाच्या बाजूने अगदी बरोबर होतं. आळशी माणसाने कमी बुडालेल्या सेन्सरवरच आकडे घेतले असते. या मुलाने मोजमापाची काळजी केली. फक्त पातळी का उतरली, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. शिकवायचं काम माझं होतं.

साडेसहाला त्याने बाथ बंद केला, झाकण ठेवलं, एसी आणि एक्झॉस्ट बंद केले, खिडक्या पावसामुळे आधीच बंद होत्या. वहीत लिहिलं, ‘बाथ बंद’. दुसऱ्या दिवशी सुट्टी.

सकाळ

सुट्टीनंतरच्या सकाळी सर्वांत आधी येतात त्या साफसफाईच्या मावशी. मी घरून निघायच्या तयारीत होतो, तेव्हा त्यांचा फोन आला.

“सर, टेंपरेचरच्या खोलीत दारूसारखा वास यायलाय. लई उग्र हाय. मी बटणाला हात लावलो न्हाई. दार तेवढं उघडं ठेवून बाहेर आलो.”

मी त्यांना म्हटलं, मावशी, आत जाऊ नका आणि कोणालाही आत सोडू नका, मी येतोय. वाटेत मी त्या मुलाला फोन केला आणि बाथ कसा बंद केला ते विचारलं. स्पिरिट ओतल्याचं त्याने स्वतःहून, पहिल्याच वाक्यात सांगितलं. त्याच क्षणी मला काय झालं असणार ते कळलं.

आमच्या इमारतीचा मेन डीबी, म्हणजे विजेचा मुख्य स्विचबोर्ड, बाहेरच्या पॅसेजमध्ये आहे, हे नशीब. पोहोचल्यावर पहिल्यांदा तिथून इन्व्हर्टरची लाइन तोडली, कारण मेन बंद केला की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो, आणि तीच आपोआप पडणारी रिलेची ठिणगी नको होती. मग तापमान विभागाचा पूर्ण पुरवठा. फोन बाहेर ठेवला. मागचं दार आणि खिडक्या पाऊस आत येत असतानाही सताड उघडल्या. एक्झॉस्ट पंखा चालू करावासा वाटत होता, पण त्याची मोटर साधी होती. फ्लेमप्रूफ नसलेल्या मोटरवर वाफ ओढणं म्हणजे वाफ ठिणगीच्या दाराशी नेणं. म्हणून तासभर नुसती हवा खेळू दिली.

वास उतरल्यावर आत गेलो. बाथच्या कडेवरून स्पिरिट बाहेर आलं होतं. थोडं जमिनीवर पसरून वाळलेलं, त्याचा माग फरशीवर दिसत होता. पण बरंचसं बाहेरच्या पत्र्याच्या आतून खाली उतरलं होतं, म्हणजे कॉम्प्रेसरच्या कप्प्यात. खोलीच्या कोपऱ्यात हवेतली ओल काढणारा डीह्युमिडिफायर होता. तो सुट्टीतही आपोआप चालू-बंद होत राहायचा. त्याची पाण्याची टाकी भरल्यामुळे तो आपणहून थांबला होता. आदल्या संध्याकाळी ती टाकी रिकामी करायला मुलगा विसरला होता. त्या विसराळूपणामुळे खोलीत रात्रभर एकही मोटर फिरली नाही. ही आमची व्यवस्था नव्हती, हे मला प्रामाणिकपणे लिहायलाच हवं.

मावशींना नंतर विचारलं, बटण दाबू नये हे तुम्हाला कसं सुचलं. त्या म्हणाल्या, “घरात गॅस सुटल्यावर काय करतो आपण? तसंच की.”

हिशेब

इथेनॉल एका अंशामागे आकारमानाच्या साधारण एक हजारांश भागाने फुगतं. आकडा लहान वाटतो, पण उणे ७० पासून खोलीच्या २५ अंशांपर्यंत ९५ अंशांचं अंतर आहे. म्हणजे साडेनऊ टक्के. आमच्या टाकीत खुणेपर्यंत १८ लिटर मावतात. २५ अंशांना १८ लिटर असलेलं स्पिरिट उणे ७० ला आकसून १६.४ लिटर होतं. टाकीच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागलं तर पातळी ४ सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त उतरते. मुलाने पाहिली ती हीच उतरलेली पातळी. स्पिरिट उडालेलं नव्हतं, नुसतं आकसलं होतं.

त्याने १.६ लिटर ओतून थंडीतच १८ लिटर केले. हे १८ लिटर दीड दिवसात हळूहळू २५ अंशांवर आले आणि १९.७ लिटर झाले. खुणेपासून कडेपर्यंत अर्धा लिटर जागा होती. उरलेलं सुमारे सव्वा लिटर कडेवरून गेलं.

आता वाफेचं. सव्वा लिटर इथेनॉल पूर्ण उडालं तर खोलीच्या तापमानाला त्याची ५०० लिटरच्या वर वाफ होते. हवेत इथेनॉलची वाफ ३.३ टक्क्यांपासून १९ टक्क्यांपर्यंत असेल तर ती पेटू शकते. आमची खोली बारा बाय पंधरा फूट, उंची दहा फूट, म्हणजे सुमारे ५१ घनमीटर. वाफ खोलीभर समान पसरली असती तर प्रमाण जेमतेम एक टक्का, पेटण्याच्या मर्यादेच्या बरंच खाली. सुरुवातीला हा आकडा पाहून मला बरं वाटलं. पण ही वाफ हवेपेक्षा दीडपटीहून जड असते. ती समान पसरत नाही, जमिनीलगत आणि बंद कोपऱ्यांत साचते.

आणि मग मी कॉम्प्रेसरच्या कप्प्याचा हिशेब केला. तो कप्पा सुमारे २५० लिटरचा. त्यात ३.३ टक्के वाफ व्हायला किती स्पिरिट लागतं? वीस मिलिलिटर. चहाचे चार चमचे. तिथे त्याच्या कितीतरी पट उतरलं होतं. खोलीच्या तापमानाला बंद जागेत स्पिरिटवरची हवा वाफेने पूर्ण भरली तर प्रमाण सात-आठ टक्क्यांवर जातं, म्हणजे बरोबर पेटण्याच्या पट्ट्यात. कोणी बाथचं मुख्य बटण दाबलं असतं तर पहिल्या कॉन्टॅक्टरची ठिणगी त्या वाफेच्या मधोमध पडली असती.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: वास येत असताना बाथ ‘एकदा चालू करून बघू’ असं कोणी म्हणायचं नाही. जमीन पुसली, वास गेला तरीही नाही. टाकीच्या कडेभोवती ग्लासवूल होतं, ते स्पिरिटने भिजलं होतं आणि दोन दिवस वाफ सोडत राहिलं. बाहेरून सगळं कोरडं दिसत होतं. सर्व्हिस इंजिनिअरने मागचा पत्रा उघडला तेव्हा पुन्हा तोच वास आला.

बूच

खरं तर एवढं सगळं होऊनही स्पिरिट सांडायला नको होतं. टाकीच्या कडेखाली बोटभर रुंदीचं ओव्हरफ्लोचं भोक असतं. पातळी वाढली की जास्तीचा द्रव त्यातून नळीने बाटलीत जातो. बाथ बनवणाऱ्याने ही सोय याच दिवसासाठी केलेली असते. आमच्या बाथच्या त्या भोकात रबरी बूच होतं.

ते कोणी आणि कधी बसवलं, हे शोधण्यात मी वेळ घालवला नाही, कारण का बसवलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. खोलीत आम्ही ती कमी ठेवतो, तरी थंड टाकीला मिळेल तिथून ओल आत खेचली जाते. ओव्हरफ्लोच्या भोकातून येणारी हवा टाकीत दव टाकते, ते पाणी स्पिरिटमध्ये विरघळतं. पाणी वाढत गेलं की उणे ७० ला द्रव दाट होतो, कॉइलवर बर्फाचा चिखल बसतो, तापमान डोलू लागतं. आम्ही दर महिन्याला हायड्रोमीटरने घनता पाहतो. शुद्ध इथेनॉलची २० अंशांना ०.७८९ असते, पाणी मिसळलं की ती वाढते. डिस्टिलरीत काम केलेल्या कोणालाही ही परीक्षा माहीत असेल. तर पावसाळ्यात घनता फार भराभर वाढते म्हणून कोणीतरी चांगल्या हेतूने बूच मारलं. घनता सुधारली. सगळे खूश झाले, मीसुद्धा.

मुलाचं स्पिरिट ओतणं आणि हे बूच, दोन्ही अचूक मोजमापाच्या काळजीतून आलं होतं. दोन्हींपैकी एक नसतं तरी काही झालं नसतं. कॅलिब्रेशन प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या मानकाप्रमाणे आम्ही काम करतो. त्या चौकटीत आम्ही मोजमापातल्या अनिश्चिततेचा हिशेब दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत करत होतो, पण टाकीत द्रव किती फुगेल याचा साधा हिशेब आमच्या कोणत्याच कार्यपद्धतीत लिहिलेला नव्हता. मानक आमच्या मोजमापाची पारख करतं, बाथशेजारी उभ्या असलेल्या माणसाची काळजी आम्हीच करायची असते.

काय बदललं

त्या पाच आठवड्यांत ग्लासवूल बदललं, वायरिंग तपासलं, मग बाथ रिकामा ठेवून आधी चालवला. त्या संध्याकाळच्या चार सेन्सरचे आकडे आम्ही ग्राहकाला लगेच दिले नाहीत. संदर्भ सेन्सर (ज्याच्याशी ग्राहकांचे सेन्सर ताडून पाहतो तो) बर्फाच्या बिंदूवर, म्हणजे शुद्ध बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात शून्य अंशांना तपासला. तो ठीक निघाला. तरीही बाथ चालू झाल्यावर चारही सेन्सर पुन्हा मोजले. उशीर का झाला, हे ग्राहकाला खरंखरं सांगितलं. त्यांनी समजून घेतलं.

पातळीच्या प्रश्नावर आमची बरीच चर्चा झाली. एकाने सुचवलं की स्पिरिट ओतण्याऐवजी स्टीलचे भरीव ठोकळे टाकीत सोडावेत, त्याने पातळी वर येईल आणि द्रव वाढणार नाही. ऐकायला छान वाटलं. पण ठोकळे आत विसरले तर गरम होताना तेवढंच स्पिरिट बाहेर येणार, कारण ठोकळ्यांनीही जागा अडवलेलीच असते. विसरणारा माणूस तोच राहतो. पातळी सांगणारा इलेक्ट्रिक फ्लोट बसवावा असंही आलं, पण स्पिरिटच्या वाफेत आणखी एक स्विच मला नको होता. थंडीत स्पिरिट ओतायलाच बंदी घालावी, हा तिसरा विचार. तो मी नाकारला, कारण आखूड सेन्सर येतच राहणार, आणि न पाळता येणारी बंदी माणसाला लपवायला शिकवते.

शेवटी ठरलं ते असं. २५ अंशांना खुणेपर्यंत भरायचं, आणि ती खूण फक्त २५ अंशांची आहे हे टाकीच्या कडेवर कोरून घेतलं. शेजारी एक पट्टी लावली आहे, उणे २०, उणे ४० आणि उणे ७० ला पातळी कुठे असायला हवी हे दाखवणारी. पातळी त्या पट्टीप्रमाणे असेल तर काहीच कमी झालेलं नाही. थंडीत ओतायचंच झालं तर मापाच्या स्टीलच्या जगने, आणि किती ओतलं ते लाल टॅगवर लिहून टॅग बाथच्या मुख्य स्विचला अडकवायचा. बाथ बंद करण्यापूर्वी, अजून थंड असतानाच, तेवढंच स्पिरिट हातपंपाने काढायचं आणि मगच टॅग निघतो. काढलेलं स्पिरिट ज्या डब्यात जातं तो तीन चतुर्थांशांपेक्षा जास्त भरायचा नाही आणि झाकण सैल ठेवायचं. डब्यातही ते फुगणारच.

बूच गेलं. ओव्हरफ्लोची नळी आता जमिनीवरच्या तीन लिटरच्या धातूच्या बाटलीत जाते. ओलाव्याचा प्रश्न मात्र खरा होता, त्याला उत्तर न देता बूच काढलं असतं तर पुढच्या पावसाळ्यात कोणीतरी ते परत बसवलंच असतं. उत्तर आमच्याच एका सहकाऱ्याला सुचलं, त्याने आधी ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीत काम केलं होतं. ट्रान्सफॉर्मरला जसा सिलिका जेलचा ब्रीदर असतो, तसा छोटा ब्रीदर बाटलीच्या तोंडावर बसवला. टाकी जी हवा आत ओढते ती आता जेलमधून कोरडी होऊन येते, आणि स्पिरिट वाढलं तर वाट मोकळी आहे. घनता या पावसाळ्यात पूर्वी बुचाने राहायची तितकीच राहिली.

एक्झॉस्ट जमिनीलगत घेतला आणि त्याला फ्लेमप्रूफ मोटर लावली. त्याचं बटण खोलीच्या बाहेर आहे. डीह्युमिडिफायर सुट्टीत बंद राहतो. दारापाशी कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक ठेवलं आहे. साधा फोम स्पिरिटवर टिकत नाही, अल्कोहोल तो मोडून टाकतं, म्हणून फोम घ्यायचाच तर अल्कोहोलवर टिकणारा घ्यावा लागतो. तेलाच्या बाथमधून किंवा ड्राय ब्लॉकमधून (सेन्सर तपासायच्या तापवलेल्या धातूच्या ठोकळ्यातून) काढलेला सेन्सर हाताला गार लागेपर्यंत स्पिरिटच्या बाथजवळ आणायचा नाही. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, आणि दोनशे अंशांची दांडी त्यात बुडवली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. वीज जाऊन आली की कॉम्प्रेसर लगेच चालू करायचा नाही, आतला दाब समान व्हायला वेळ द्यायचा. हातमोजे सैल, थंडीसाठीचे. पातळ नायट्राइलचे मोजे रसायनापासून वाचवतात, गारठ्यापासून नाही, आणि उणे ७० चं स्पिरिट मोज्याच्या आत गेलं तर ते झटकन काढता आलं पाहिजे. थंडीने कातडी भाजली तर चोळायचं नाही, कोमट पाण्यात धरायची आणि डॉक्टरकडे जायचं.

मुलाबद्दल दोन शब्द. घटनेनंतर दोन दिवस तो कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. मी त्याला शेजारी बसवून फुगण्याचा हिशेब त्याच्याकडूनच करवून घेतला, खुणा असलेली पट्टीही त्यानेच आखली. उणे ७० ची खूण त्याने तीन वेगळ्या दिवशी प्रत्यक्ष मोजून मग पक्की केली. नव्या माणसांना बाथ शिकवण्याचं काम आता त्याच्याकडे आहे. शिकवताना तो सगळ्यात आधी स्वतःची ती संध्याकाळ सांगतो.

मावशींसाठी आम्ही वासाचा नियम मराठीत मोठ्या अक्षरांत दारावर लावला. त्यांनी तो वाचून विचारलं की वास येत नसेल आणि तरी सांडलं असेल तर कळणार कसं. प्रश्न बिनतोड होता. बाथ थंड असताना सांडलेल्या स्पिरिटला सुरुवातीला वास फारच कमी. म्हणून ओव्हरफ्लोच्या बाटलीला काचेची उभी नळी लावली. आत किती आहे ते दारातूनच दिसतं, आणि नळीत काही दिसलं की खोलीत कोणी जात नाही.

ब्रीदरमधलं निळं जेल ओल धरलं की गुलाबी होतं. उन्हाळ्यात ते महिनाभर टिकतं, जुलै-ऑगस्टमध्ये जेमतेम आठवडा. सकाळी पहिल्यांदा दार उघडणाऱ्या मावशी रंग आणि नळी पाहतात, मुलगा जेल बदलतो, आणि वहीत त्या ओळीपुढे दोघांच्या सह्या असतात.